पाण्यावरचा गोंगाट: बास माशाच्या आमिषांची शंभर वर्षे

१/ गळ टाकून बसणाऱ्याला पहिली ताकीद मिळते ती शांत राहण्याची. काठावर पाय आपटू नये, होडीत काही पाडू नये, पाणी ढवळू नये. असे असूनही अमेरिकेत गेली शंभराहून अधिक वर्षे पाण्याच्या पृष्ठभागावर मुद्दाम डुबुक-डुबुक आणि खळखळ करणारी कृत्रिम आमिषे बनवली जातात, विकली जातात आणि जपलीही जातात. ही विसंगती कशी निर्माण झाली आणि तिच्यातून मासेमार काय शिकले, याचा हा धागा.

२/ प्रथम माशाविषयी. ब्लॅक बास हा उत्तर अमेरिकेतील गोड्या पाण्याचा शिकारी मासा. त्यातील लार्जमाउथ, म्हणजे मोठ्या तोंडाचा बास, पाणवनस्पतींच्या किंवा बुडालेल्या झाडांच्या आडोशाला दबा धरून बसतो आणि बेडूक, लहान मासे, पाण्यावर पडलेले किडे यांवर झडप घालतो. कुळ वेगळे असले तरी आपल्याकडील मरळीची शिकार पाहिलेल्यांना ही सवय ओळखीची वाटेल. इंग्रजी वळणाच्या शौकिनांमध्ये मान होता तो ट्राउटला. १८८१ मध्ये डॉ. जेम्स हेन्शल यांनी ‘बुक ऑफ द ब्लॅक बास’ हा ग्रंथ लिहून या देशी माशाची बाजू हिरिरीने मांडली.

३/ त्या काळी बाससाठी जिवंत बेडूक किंवा लहान मासा गळाला लावत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात केंटकीतील घड्याळ-कारागिरांनी दंतचक्रांची रिळे घडवली होती. त्यात जॉर्ज स्नायडर यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. या रिळांमुळे आमिष दूरवर फेकणे शक्य झाले. पण जिवंत बेडूक वारंवार फेकला की निकामी होई. न मरणाऱ्या, न फाटणाऱ्या आमिषाची गरज अशी निर्माण झाली.

४/ येथे जेम्स हेडन यांची कथा येते. मिशिगनमधील डोवॅजिॲक गावचे हे गृहस्थ मूळचे मधमाशीपालक. गावच्या तळ्याकाठी मित्राची वाट पाहत ते लाकूड तासत होते. तो तुकडा सहज पाण्यात टाकला आणि एका बासने त्यावर झडप घातली, असे सांगतात. कथा सुंदर आहे, मात्र तिचे वर्ष सांगणाऱ्यागणिक बदलते आणि पुढे ती कंपनीच्या प्रसिद्धीचाच भाग झाली. त्याहून भक्कम पुरावे दोन: त्यांनी कोरलेले, आज संग्राहकांकडे असलेले लाकडी बेडूक आणि १९०२ चे पेटंट. त्याच सुमारास विक्रीस आलेल्या त्यांच्या आमिषाचे नाक तिरकस होते आणि त्यामागे धातूची कड होती. ओढले की ते पाणी उडवी.

५/ हा आवाज माशाला पळवून का लावत नाही? हवेतला आवाज पाण्याच्या पृष्ठभागावरून जवळजवळ सगळा परावर्तित होतो. त्यामुळे होडीतील गप्पा माशापर्यंत फारशा पोहोचत नाहीत. होडीच्या तळावर पडलेला डबा मात्र पोहोचतो. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५०० मीटर वेगाने जातो, हवेतल्या वेगाच्या चौपटीहून अधिक. बासला कमी कंप्रतेचे आवाज आतील कानाने ऐकू येतात आणि शरीराच्या दोन्ही बाजूंवरील पार्श्वरेषेने जवळच्या पाण्याची हालचाल जाणवते. धडपडणारा बेडूक नेमके हेच संकेत देतो. होडीच्या दणक्यात धोका आहे. बेडकाच्या धडपडीत भक्ष्य आहे.

६/ पुढचा टप्पा ओहायोतील ॲक्रन शहरात घडला. फ्रेड आर्बोगास्ट हे तेथील गुडइयर कंपनीत काम केलेले आणि आमिष फेकण्याच्या स्पर्धांत नावाजलेले गृहस्थ. १९३० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी ‘जिटरबग’ बाजारात आणले. नाव त्या वेळच्या लोकप्रिय नृत्याचे. त्याच्या तोंडाशी रुंद, दोन खळग्यांची धातूची पट्टी होती. आमिष नुसते सावकाश गुंडाळत आणले तरी ते डावी-उजवीकडे डुलत एकसारखा ‘ब्लप-ब्लप’ आवाज करी. रात्रीच्या मासेमारीत त्याचे महत्त्व मोठे ठरले, कारण काळोखात माशाला नेम धरण्यासाठी ठेका चुकू न देणारा आवाज लागतो.

७/ मग दुसरे महायुद्ध आले. धातू युद्धसामग्रीकडे वळला आणि जिटरबगची पट्टी प्लॅस्टिकची झाली. युद्धानंतर धातू परत आला. संग्राहक आज प्लॅस्टिकच्या ओठावरून त्या आमिषाचा काळ ओळखतात, जसा नाणेतज्ज्ञ टंचाईच्या काळातील नाणे हिणकस धातूवरून ओळखतो.

८/ आर्बोगास्ट यांचेच दुसरे आमिष ‘हुला पॉपर’. त्याचे तोंड वाटीसारखे खोलगट आणि शेपटीला रबरी झालर. ॲक्रन तेव्हा अमेरिकेच्या रबर उद्योगाची राजधानी होती, हे लक्षात घेतले की झालरीचे रहस्य उलगडते. पॉपर सतत ओढायचे नसते. एक झटका, ‘डुबुक’, आणि मग पाण्यावरची वलये विरेपर्यंत थांबायचे. झडप बहुधा त्या थांब्यातच पडते. आवाज माशाला बोलावतो, निश्चलता त्याला निर्णय घ्यायला लावते.

९/ हेडन कंपनीचे ‘झारा स्पूक’ याच्या उलट टोकाचे. १९२० च्या दशकातील लाकडी ‘झारागोसा’ आमिषाचा हा प्लॅस्टिकमधील वारस. नावाचा संबंध फ्लोरिडातील पेन्साकोलाच्या झारागोसा रस्त्याशी लावला जातो. सिगारच्या आकाराच्या या तुकड्याला ओठ नाही, वाटी नाही, पंखा नाही. तो आपणहून काहीच करत नाही. काठीच्या टोकाने ठेक्यात हलके झटके देत, प्रत्येक झटक्यानंतर दोरी ढिली सोडली तरच तो नागमोडी चालतो. दोरी ताणून धरली की चाल मोडते. येथे आवाजाचे यंत्र मासेमाराचे मनगट आहे.

१०/ विसाव्या शतकाच्या मध्यात धरणांनी अमेरिकेच्या दक्षिणेचा नकाशा बदलला. नद्या अडल्या, जंगले पाण्याखाली गेली आणि बासला विस्तीर्ण घर मिळाले. असाच एक जलाशय आर्कान्सामधील बीव्हर लेक. तेथे जून १९६७ मध्ये रे स्कॉट यांनी बास पकडण्याची स्पर्धा भरवली. पुढील वर्षी त्यांची ‘बास’ ही संघटना उभी राहिली. १९७२ पासून त्यांनी पकडलेले मासे जिवंत सोडण्याचा आग्रह धरला. स्पर्धेत बक्षिसाची रक्कम आली तसे आमिषांचे ज्ञान गुपित बनले.

११/ त्या गुपिताचे उत्तम उदाहरण ‘पॉप-आर’. आर्कान्सातील रेबेल कंपनीने १९७० च्या दशकात काढलेले हे लहानसे पॉपर पुरेसे खपले नाही आणि बंद झाले. पण काही स्पर्धकांनी ते शोधून साठवून ठेवले होते. टेक्सासचे झेल रोलंड तर त्याचे प्लॅस्टिक घासून पातळ करीत आणि शेपटीला पिसे बांधीत. त्यांना मोठा ‘डुबुक’ नको होता. घाबरून पळणाऱ्या लहान माशाची बारीक थुंकी उडाल्यासारखा आवाज हवा होता. १९८० च्या दशकात गुपित फुटले, मागणी वाढली आणि कंपनीला ते पुन्हा बनवावे लागले. केवळ कंपनीच्या सूचीपत्रांवरून इतिहास लिहिला असता तर या आमिषाची नोंद अपयश म्हणून झाली असती. त्याचे खरे मोल वापरणाऱ्यांच्या पेटीत आणि कानात टिकून होते.

१२/ या साऱ्या अनुभवातून निवडीचे काही संकेत रूढ झाले. पाणी आरशासारखे शांत आणि नितळ असेल तर लहान, मंद आवाजाचे आमिष. वाऱ्याने लाटा उठल्या असतील किंवा पाणी गढूळ असेल तर मोठा आवाज. रात्री काळा रंग, कारण आकाशाच्या पार्श्वभूमीवर खालून त्याचीच आकृती ठळक दिसते. हंगाम उबदार पाण्याचा, वेळ पहाट किंवा संध्याकाळ. दोरी तरंगणाऱ्या तंगूसाची. फ्लुरोकार्बनची दोरी बुडते आणि आमिषाचे तोंड खाली ओढते. आणि सर्वांत अवघड संयम: पाणी उसळताच काठी ओढायची नाही. माशाचे वजन हाताला जाणवेपर्यंत थांबायचे, नाहीतर आमिष त्याच्या तोंडातून निसटते.

१३/ एकविसाव्या शतकात लॅरी डाल्बर्ग यांच्या ‘व्हॉपर प्लॉपर’ने पुन्हा सततच्या आवाजाची वाट धरली. त्याची फिरती शेपटी नुसते रीळ गुंडाळताच पाणी कापत जाते. म्हणजे जिटरबगचाच प्रश्न नव्या साहित्याने सोडवलेला. या शंभर वर्षांत आवाज वाढतच गेला, असे घडले नाही. तो कधी वाढला, कधी घासून कमी केला गेला, कधी यंत्राकडून मनगटाकडे आणि परत यंत्राकडे गेला. हेडन यांच्या गावी जुन्या कारखान्याच्या इमारतीत आज संग्रहालय आहे. तेथील रंगवलेली आमिषे काचेमागे मूक आहेत. ती ज्या आवाजासाठी घडवली गेली, तो ऐकायचा तर त्यांना पाण्यातच टाकावे लागेल.

#इतिहास #धागा