दोरीचा साप आणि बंदुकीचा धक्का

वरणगावच्या आयुधनिर्माणीत बंदुकीची काडतुसं तयार होतात, हे आपल्या जळगाव जिल्ह्यात सगळ्यांना ठाऊक आहे. काडतूस उडालं की गोळी पुढे जाते आणि बंदूक मागे, खांद्यावर येते. न्यूटनचा तिसरा नियम नव्या जवानाला पहिल्यांदा कळतो तो खांद्यात. आता आभासी वास्तवाचा चष्मा लावून गोळीबार शिकवतात. तिथे काडतूसच नाही, मग धक्का आणायचा कुठून? म्हणून नकली बंदुकीत दाबलेल्या हवेची किंवा विजेची यंत्रणा बसवतात, ती दस्ता मागे ढकलते. अंगात थरथरणारं जाकीट घालतात. शत्रूची गोळी 'लागली' की बरगडीवर ठोका बसतो. का, तर खरं वाटावं म्हणून. पण 'खरं वाटणं' म्हणजे नेमकं काय? हे खरं तर आमच्यासारख्या तत्त्वज्ञानवाल्यांना विचारायला हवं. कोणी विचारत नाही, ते असो.

लढाईची नक्कल अंगाला जाणवली पाहिजे, ही समज मात्र जुनी आहे. आपल्या तालमींत फरीगदका खेळत. तलवारीच्या जागी चामड्याने मढवलेली काठी, तो गदका. फरी म्हणजे ढाल. गदका बसला की वळ उठायचा. ढाल कुठे खाली आली होती, ते त्या वळावरून समजायचं, वस्तादाला वेगळं सांगावं लागत नसे. मल्लखांबाचं तसंच. पेशवाईच्या अखेरीस बाळंभटदादा देवधरांनी ही विद्या पुन्हा उभी केली. खांब म्हणजे लाकडाचा मल्लच. तो अंग सोलून काढतो, पकड चुकली की खाली टाकतो. पण स्वतः डाव टाकत नाही. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता जरा खानदेशाबाहेर जाऊ. १९२९ साली अमेरिकेत एडविन लिंक नावाच्या माणसाने जमिनीवरचं 'विमान' बनवलं. त्याच्या वडिलांचा वाद्यांचा कारखाना होता. ऑर्गनचे भाते वापरून त्याने ते डबडं कलतं, डुलतं केलं. म्हणजे आपल्या भजनातल्या पेटीचाच नातलग म्हणा! आधी ते जत्रेतला पाळणा म्हणूनच खपलं. १९३४ साली टपाल नेताना लष्कराचे वैमानिक खराब हवेत मेले, तेव्हा कुठे लष्कराने ती यंत्रं घेतली. गंमत बघा, ढगांत शरीर फसवतं. विमान कलतं, आणि अंग सांगतं की सरळ आहे. म्हणजे शरीराला हेलकावे देऊन शिकवायचं काय, तर शरीरावर विश्वास ठेवू नकोस, काट्यांकडे बघ! स्पर्श जेवढा हुबेहूब तेवढं शिक्षण चांगलं, असा सरळ हिशेब आम्हाला म्हणूनच पटत नाही. चष्म्यात धावणाऱ्याचे पाय फरशीवर स्थिर असतात. डोळा एक सांगतो, कान दुसरं, आणि बिचाऱ्याला मळमळतं.

अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात १९१६ पासून अद्वैताचा अभ्यास चालत आला. तिथला नेहमीचा दृष्टांत दोरी आणि सापाचा. साप खोटा, पण छातीतली धडधड खरी. दिवा आणल्यावर ती थांबते. आभासी रणांगणात दिवा आधीच लावलेला असतो. ही दोरी आहे हे जवानाला पहिल्यापासून माहीत असतं. तरीही धडधड होते, हे या यंत्रांचं खरं यश, ते मान्य केलंच पाहिजे. हात चुकला तर माणूस मरत नाही, हा फायदाही लहान नाही.

पण जाकीट काय कळवतं? तुम्हाला लागलं, एवढंच. बंदूक काय कळवते? तुम्ही झाडली. तुमची गोळी ज्याला लागली त्याच्याकडून काहीच येत नाही. तो पडद्यावर पडतो आणि पुसला जातो. फरीगदक्यात समोरचाही जिवंत असे. त्याला लागलं की तुम्हाला दिसे, आणि उद्या त्याच्याच शेजारी बसून दूध प्यायचं असे.

१८२५ साली आऊट्रमने धरणगावला भिल्ल पलटण उभी करायला घेतली, तेव्हा कवायतीआधी तो भिल्लांबरोबर वाघाच्या शिकारीला गेला. वाघापुढे नक्कल नव्हती. दोघांचा जीव सारखाच टांगणीला. विश्वास बसला तो तिथे. या विश्वासाचा उपयोग कंपनी सरकारने कशाला केला, तेही सांगितलं पाहिजे. ११ एप्रिल १८५८ ला सातपुड्यात आंबापाणीला खाज्या नाईकाच्या लोकांशी लढाई झाली. तिथे इंग्रजांच्या बाजूने ही भिल्ल पलटण होती, आणि समोरही भिल्लच होते. आऊट्रमचं चरित्र इंग्रजीत दोन खंडांत आहे. आंबापाणीला नेम धरलेल्या भिल्ल शिपायाने काय भोगलं, ते कुणी लिहून घेतलं नाही.