हॉटेलमधील शिस्त : आधी म्हणणे ऐका, मग दंड

रावेर - बश्या फुटल्या, गल्ल्यात पैसे कमी भरले किंवा कामगाराने न सांगता खाडा केला, की पगारातून रक्कम कापायची, ही हॉटेल व्यवसायातील जुनी रीत आहे. कायद्याला मात्र ती सरसकट मान्य नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेली वेतन संहिता कामगारांची संख्या न पाहता सर्व आस्थापनांना लागू होते. त्यामुळे रावेरमधील खाणावळ, बऱ्हाणपूर रस्त्यावरील ढाबा आणि मुंबईतील तारांकित हॉटेल यांना नियम एकच आहे. तो अमलात आणण्याची पहिली जबाबदारी पर्यवेक्षकावर येते.

दंडाची मर्यादा
शासनाच्या पूर्वमान्यतेने सूचनेद्वारे जाहीर केलेल्या चुकांसाठीच दंड करता येतो. त्याआधी कामगाराला आपली बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते. एका वेतन कालावधीतील दंड वेतनाच्या ३ टक्क्यांहून अधिक नसावा. महिना १२ हजार रुपये वेतन असल्यास ही रक्कम ३६० रुपये होते. दंड हप्त्याने किंवा ९० दिवसांनंतर वसूल करता येत नाही. त्याची नोंद नोंदवहीत करावी लागते व ती रक्कम कामगारांच्या हितासाठीच वापरावी लागते.

नुकसानीची भरपाई हा वेगळा विषय आहे. कामगाराच्या ताब्यात दिलेली वस्तू किंवा त्याने हिशेब द्यावयाची रक्कम त्याच्याच हलगर्जीपणामुळे गेली असेल, तरच कपात करता येते. तीही प्रत्यक्ष नुकसानीपुरती आणि त्याचे म्हणणे ऐकल्यानंतर.

'उद्यापासून येऊ नकोस'
असे तोंडी सांगणे मालकाला महागात पडू शकते. नवी दिल्लीच्या हॉटेल इम्पिरियल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये महत्त्वाचे तत्त्व मांडले. निलंबनाचा अधिकार सेवाकरारात किंवा कायद्याखालील नियमांत नसेल, तर कामगाराला कामापासून दूर ठेवले तरी वेतन द्यावे लागते. किरकोळ गैरवर्तनासाठी अतिकठोर शिक्षा म्हणून कामावरून काढणे, तसेच चौकशीत नैसर्गिक न्यायाची तत्त्वे डावलणे, यांचा समावेश महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याने अनुचित कामगार प्रथांमध्ये केला.

पर्यवेक्षकाने काय करावे?
* कामाचे नियम मराठीत लिहून दर्शनी भागात लावावेत.
* गिऱ्हाइकांसमोर कामगाराला बोलू नये.
* घटनेची तारीख, वेळ व साक्षीदार त्याच दिवशी नोंदवावेत.
* आरोप लेखी द्यावा, उत्तरासाठी पुरेसा वेळ द्यावा.
* तक्रार करणाऱ्यानेच चौकशी करू नये.
* शिक्षा ठरवताना आधीची वर्तणूक पाहावी. आचारी असो वा भांडी घासणारा, समान चुकीला समान न्याय असावा.

एक बशी फुटली म्हणून कापलेले शंभर रुपये मालकाला किरकोळ वाटतात; कामगाराच्या घरी तो एका दिवसाचा किराणा असतो.