पवईची एम.एस्सी. आणि रिकाम्या घरांचा तक्ता

नागपूरसह देशातील बहुतेक विद्यापीठांत एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याची मूलकणांशी गाठ पडते ती अणुकेंद्रीय भौतिकीच्या जोडीने, पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणांत. तेथे एक तक्ता असतो: सहा क्वार्क, सहा लेप्टॉन, बलवाहक कण आणि हिग्ज. परीक्षेच्या धांदलीत तो पाठ केला जातो आणि जणू अनादि काळापासून तसाच असावा, असे वाटू लागते.

प्रत्यक्षात १९७४ च्या उन्हाळ्यात या तक्त्यातील जवळपास निम्मी घरे रिकामी होती. त्याच वर्षी पवईच्या आयआयटीतून एम.एस्सी. होऊन एक पुणेकर विद्यार्थिनी बाहेर पडली: रोहिणी गोडबोले.

जन्म १२ नोव्हेंबर १९५२, पुणे. शाळा हुजूरपागा, म्हणजे न्या. रानडे, डॉ. रा. गो. भांडारकर यांच्या पिढीने मुलींच्या उच्च शिक्षणासाठी एकोणिसाव्या शतकात उभारलेली संस्था. पुढे स. प. महाविद्यालयातून बी.एस्सी., मग पवई, आणि त्यानंतर अमेरिकेतील स्टोनी ब्रूक विद्यापीठात पीएच.डी.

१९६४ मध्ये गेल-मान आणि झ्वाइग यांनी क्वार्कची कल्पना मांडली तेव्हा क्वार्क तीनच होते. ते खरोखर अस्तित्वात आहेत की केवळ गणिताची सोय आहे, याविषयी अनेक नामवंतांच्या मनात शंका होती. ११ नोव्हेंबर १९७४ रोजी ब्रूकहेवन आणि स्टॅनफर्ड येथील दोन स्वतंत्र गटांनी एकाच नव्या कणाची घोषणा केली. त्याचे वस्तुमान प्रोटॉनच्या तिपटीहून अधिक होते आणि आयुष्य अपेक्षेपेक्षा कितीतरी दीर्घ. ‘चार्म’ या चौथ्या क्वार्कशिवाय त्याचा उलगडा होईना. त्या दिवसांना भौतिकशास्त्रात आजही ‘नोव्हेंबर क्रांती’ म्हणतात. (गोडबोले यांचा बाविसावा वाढदिवस दुसऱ्याच दिवशी होता, हा निव्वळ योगायोग.) ब्रूकहेवनची प्रयोगशाळा आणि स्टोनी ब्रूक विद्यापीठ ही दोन्ही लाँग आयलंडवरच.

पुढे टाऊ लेप्टॉन आला, १९७७ मध्ये पाचवा क्वार्क आला, १९७९ मध्ये ग्लुऑनचा प्रत्यक्ष पुरावा मिळाला. गोडबोले यांची पीएच.डी. १९७९ चीच. पदव्युत्तर शिक्षणात हाती आलेला तक्ता प्रबंध पुरा होईतो ओळखू येणार नाही इतका बदलला होता.

खरा कस लागला तो परतल्यावर. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तीन वर्षे काढून १९८२ मध्ये त्या मुंबई विद्यापीठात अध्यापनास गेल्या आणि तब्बल तेरा वर्षे तेथे राहिल्या. आपल्याकडे साधने संशोधन संस्थांकडे आणि विद्यार्थी विद्यापीठांकडे, अशी जी फाळणी झाली आहे, तिच्यात विद्यापीठाची बाजू निवडणे म्हणजे संशोधनाचा नाद सोडणे, असा सर्वसाधारण समज. तो किती फोल आहे, हे पुढच्या कामातून दिसते.

इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांची टक्कर ‘स्वच्छ’ मानली जाते, कारण प्रोटॉनसारखा क्वार्कांचा गुंता त्यांच्यात नसतो. पण अतिउच्च ऊर्जेचे, अत्यंत दाट पुंजके समोरासमोर येतात तेव्हा एकमेकांच्या विद्युतचुंबकीय क्षेत्रामुळे कणांचे मार्ग वळतात आणि त्यांतून फोटॉन बाहेर पडतात. हे फोटॉनही परस्परांवर आदळतात. आणि गंमत अशी, की उच्च ऊर्जेचा फोटॉन नेहमी साधा प्रकाशकण म्हणून वागत नाही. आपल्या पोटात क्वार्क आणि ग्लुऑन असल्यासारखाही वागतो. मग ज्या टकरीत शांतता अपेक्षित, तेथे नको असलेल्या कणांचा कल्लोळ उठू शकतो. मॅन्युएल ड्रीस यांच्यासह गोडबोले यांनी १९९१ मध्ये हे गणिताने दाखवून दिले. तेव्हा त्या मुंबई विद्यापीठातच शिकवीत होत्या. भावी त्वरकांचे पुंजके कसे असावेत, हे ठरविताना या कल्लोळाचा हिशेब धरणे त्यानंतर भाग पडले.

१९९५ मध्ये त्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या. शेवटचा, सहावा क्वार्क सापडल्याची घोषणा त्याच वर्षीची. ड्रीस आणि प्रबीर रॉय यांच्यासह त्यांनी महासममितीवर लिहिलेले पाठ्यपुस्तक २००४ मध्ये आले. राम रामस्वामी यांच्यासह संपादित केलेल्या ‘लीलावतीज डॉटर्स’ या २००८ च्या ग्रंथात जवळपास शंभर भारतीय स्त्री-वैज्ञानिकांची चरित्रे व आत्मकथने आहेत. भास्कराचार्यांच्या लीलावतीच्या नावामागे लेकींची एवढी रांग उभी करणे, हे त्यांच्या कोणत्याही समीकरणाइतकेच मोलाचे काम मानावे लागेल. २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. २५ ऑक्टोबर २०२४ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

हिग्जचे घर २०१२ मध्ये भरले आणि तक्ता पूर्ण झाला. गोडबोले ज्याच्या सल्लागार गटात होत्या, तो आंतरराष्ट्रीय रेषीय त्वरक मात्र अद्याप कागदावरच आहे.