फ्लाय फिशिंग : संयमाने साधणारी विद्या

नदीकाठी बसून गळ टाकणे आणि ‘फ्लाय फिशिंग’ या दोन गोष्टी वरवर सारख्या भासत असल्या, तरी त्यांचे तंत्र भिन्न आहे. कोकणात गरी टाकताना शिशाचे वजन पुढे जाते व दोरी त्यामागे ओढली जाते. फ्लाय फिशिंगमध्ये पिसे, लोकर आणि दोरा गळाभोवती गुंडाळून केलेली कृत्रिम माशी हेच आमिष असते. तिला वजन जवळजवळ नसते. म्हणून वजन दोरीत असते आणि दोरीच माशीला वाहून नेते. ही रीत जुनी आहे. मॅसिडोनियातील लोक तांबडी लोकर व पिसे गळाला बांधून मासे धरीत, असे रोमन लेखक एलियन याने सुमारे १८०० वर्षांपूर्वी नोंदवून ठेवले आहे.

साहित्य

नवशिक्याला ९ फुटी काठी व ५ क्रमांकाची दोरी पुरेशी होते. दोरीचा क्रमांक तिच्या पुढील ३० फुटांच्या वजनावरून ठरतो. ५ क्रमांकासाठी ते सुमारे ९ ग्रॅम असते. जाड दोरी पाहून मासा बुजू नये, यासाठी तिच्या टोकाला ‘लीडर’ नावाचा निमुळता, पारदर्शक धागा जोडतात.

फेकीचा सराव

पहिले धडे नदीवर नव्हे, तर मोकळ्या मैदानावर, गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधून गिरवावेत. डोक्यावर घड्याळातील बाराचा आकडा कल्पिल्यास काठी मागे एकवर व पुढे दहावर झटकन थांबली पाहिजे. मागे नेल्यावर दोरी सरळ होईपर्यंत क्षणभर थांबणे, हे या विद्येचे मर्म होय. चाबकासारखा आवाज आला तर घाई झाली, दोरी मागे गवतावर पडली तर काठी फार खाली गेली, असे समजावे. लांब फेकण्यापेक्षा ३० फुटांवर अचूक फेकणे अधिक उपयोगी.

पाण्याचे वाचन

ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून, खडकामागील संथ पाण्यात थांबतो आणि वाहत येणारे कीटक टिपतो. माशी प्रवाहाच्याच वेगाने वाहिली नाही, तर तो तिला तोंड लावत नाही. यासाठी पाण्यावर पडलेली दोरी उचलून प्रवाहाच्या वरच्या बाजूस ठेवावी लागते. ट्राउटचे बरेचसे खाणे पाण्याखाली चालते. म्हणून तरंगत्या माशीबरोबरच कीटकांच्या अळीसारखी बुडणारी ‘निम्फ’ वापरण्यासही शिकावे. नदीतील दगड उलटून पाहिल्यास कोणती निवडावी, हे कळते.

भारतात ट्राउट मूळचा नाही. ब्रिटिश अमदानीत १९००च्या सुमारास तो काश्मीरमध्ये आणला गेला. आज काश्मीरमधील लिद्दर आणि हिमाचल प्रदेशातील तीर्थन या नद्यांवर हौशी मंडळी जातात. तेथे मत्स्यविभागाचा परवाना आवश्यक असतो, तर प्रजननाच्या हिवाळी काळात बंदी असते.

मासा सोडून देणे

मासा परत सोडायचा असेल, तर त्याचा जीव शिकाऱ्याच्या हातात असतो. उलटा काटा नसलेला गळ वापरावा, हात ओले करूनच मासा धरावा आणि शक्यतो पाण्यातच गळ काढावा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरील संरक्षक बुळबुळीत थर निघतो. पाणी २० अंश सेल्सिअसच्या वर तापले असता त्यात प्राणवायू कमी असतो; थकलेला ट्राउट सोडल्यावरही दगावू शकतो. अशा दिवशी काठी गुंडाळून ठेवणे, हेही शिक्षणच आहे.