रुमालापासून फोल्डरपर्यंत : छोट्या धंद्याचं दफ्तर

आजचा विषय ऐकून काही जण मला दारातच म्हणाले, "सर, तुम्ही इतिहासाची माणसं. कागदाचा कपटा दिसला तरी जपून ठेवणारी. तुम्ही आम्हाला पसारा आवरायला काय सांगणार?" प्रश्न रास्त आहे. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव पायपीट करून जुन्या घरांच्या माळ्यांवरचे कागद गोळा करत हिंडले, म्हणून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे खंड निघाले. तेव्हा "फेकून द्या" हा शब्द माझ्या तोंडून सहजासहजी निघायचा नाही. मी सांगणार आहे ते थोडं वेगळं आहे.

सुरुवात एका दुकानापासून करतो. माझ्या मावसभावाचं हार्डवेअरचं दुकान आहे. तो, त्याची बायको आणि दोन पोरं कामाला, एवढाच कारभार. मागच्या वर्षी एका बांधकामवाल्यानं व्हॉट्सॲपवर भाव विचारले. भावानं फोनमध्ये शोधून दरपत्रक पाठवलं. ऑर्डर आली, मालही गेला. बिल करताना लक्षात आलं की पाठवलेलं दरपत्रक आठ महिन्यांपूर्वीचं होतं. फोनमध्ये एकाच नावाची सहा दरपत्रकं होती, 'नवीन', 'नवीन २', 'फायनल', 'फायनल खरं' अशी. शब्द दिलेला, माल त्याच भावात द्यावा लागला. नफा तर गेलाच, वर पदरचे पैसे घालावे लागले. तो मला म्हणाला, "दादा, माल कुठल्या खणात आहे ते मी डोळे मिटून सांगतो. कागद कुठे आहे ते मात्र डोळे उघडे ठेवून सापडत नाही."

हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. कारण हा प्रश्न नवा नाही, आपल्या मुलखात तो एकदा फार नीट सोडवला गेला होता.

आता 'दफ्तर' हा शब्दच बघा. फारसीतून आपल्याकडे आला, आणि त्याचं मूळ ग्रीक भाषेतल्या कातड्याच्या शब्दापर्यंत जातं. कातड्यावर लिहायचे, म्हणून दफ्तर. पुढे त्याचा अर्थ कचेरी झाला, आणि आज पोराच्या पाठीवर असतं तेही दप्तरच. आपले जुने कागद चौकोनी कापडात बांधून ठेवत, त्या गाठोड्याला रुमाल म्हणतात. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे असे हजारो रुमाल आजही आहेत. एखादं काम बाजूला पडलं की आपण 'बासनात गुंडाळलं' म्हणतो, ते बासन म्हणजे पोथ्या-कागद गुंडाळायचं फडकंच.

पेशव्यांच्या हुजूर दफ्तरात २०० च्या वर कारकून काम करत होते. मुलुखाचा वसूल, सरंजाम, फौजेचा खर्च, देवस्थानं, इनामं, सगळ्याचे कागद तिथे येत. एवढा कागद असूनही कारभार चालत होता. कसा? त्याचं गमक दफ्तराच्या रचनेत आहे. एक होतं 'चलते दफ्तर', म्हणजे रोजच्या चालू कामाचं. दुसरं 'एकबेरीज दफ्तर'. नावातच सगळं आलं, बरं का. निरनिराळ्या खात्यांचे हिशेब इथे येत, लावले जात, आणि त्यांची एक बेरीज होई. तिथे वर्षाचा 'तर्जुमा' तयार करत. जमा किती, खर्च किती, शिल्लक किती, हे एका नजरेत दिसेल असा गोषवारा. आणि बाबवार 'खतावणी', म्हणजे कुठल्या बाबीवर काय खर्च झाला ते शोधायला सोपं जावं.

थोडक्यात, चालू कागद आणि जुना कागद एकत्र ठेवायचा नाही, आणि ढीग तपासायची वेळ येऊ नये म्हणून त्याचा सारांश आधीच करून ठेवायचा. नाना फडणीसांच्या काळात हे दफ्तर चोख होतं. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत त्याची आबाळ झाली. कागद तेच होते, पण ते लावणारा हात सैल पडला. १८१८ नंतर इंग्रजांच्या हाती ते आलं. पुढे १९३० च्या आसपास गोविंद सखाराम सरदेसाईंनी त्यातून निवडून ४५ खंड छापले. निवडायला किती कष्ट पडले असतील, याची कल्पना करा.

"अहो, ते राज्य होतं, आमचं दुकान आहे," असं कुणी म्हणेल. तर दुकानाकडे वळू. आपल्याकडच्या पेढीवर दोन गोष्टी असायच्या, कच्चं आणि पक्कं. दिवसभर गिऱ्हाईक उभं असताना घाईघाईत लिहायचं ते कच्चं टिपण. संध्याकाळी दिवे लागल्यावर त्यातलं कामाचं तेवढं रोजमेळात चढवायचं. रोजमेळ, म्हणजे रोज मेळ बसला पाहिजे! गल्ल्यातली रोकड आणि वहीतली शिल्लक जुळली की मगच दुकान बंद. रोजमेळातून खतावणीत, ज्याच्या त्याच्या खात्यावर. हे झालं की कच्च्या टिपणाचं काम संपलं. आणि दिवाळीला वहीपूजन करून नवी वही उघडायची. जुन्या वहीतली शिल्लक तेवढी पुढे ओढायची, बाकी वही बांधून माळ्यावर.

यात पूजेचा भाग आहे, श्रद्धेचा आहे. पण त्यात कामाचं शहाणपणही आहे. वर्षातून एक दिवस ठरलेला, त्या दिवशी जुनं मिटवायचं.

मग हे बिघडलं कुठे? माझं मत असं की नक्कल करणं स्वस्त झालं तिथे. बोरूनं मोडीत नक्कल उतरवायची म्हणजे कारकुनाचा वेळ, शाई, कागद, सगळ्याला मोल होतं. त्यामुळे नक्कल खरंच हवी का, हा विचार आपोआप व्हायचा. १७८० मध्ये जेम्स वॉटनं, तोच वाफेच्या इंजिनवाला, पत्राची नक्कल काढणाऱ्या दाबयंत्राचं पेटंट घेतलं. मग टाइपरायटर आला, कार्बन पेपर आला, आणि एका फटक्यात चार प्रती निघू लागल्या. अमेरिकेतल्या कचेऱ्यांत कागदांचा पूर आला. तेव्हा तिथेही कागद घडी घालून टेबलाच्या कप्प्यांत खोचत. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात कागद उभे लावायची पद्धत लोकांसमोर आली. पुठ्ठ्याची फाइल, वर नावाची पट्टी, खणात उभी. आपल्या संगणकावरचं पिवळं फोल्डर त्याच पुठ्ठ्याचं चित्र आहे.

पुढचा टप्पा १ एप्रिल २००४. जीमेल आलं तेव्हा इतर मोफत सेवा काही एमबी जागा देत, यांनी १ जीबी दिली. सांगणं असं की लावत बसू नका, शोधा; पुसू नका, राहू द्या. सोय मोठी होती, नाकारता येत नाही. पण शोधायला शब्द आठवावा लागतो. सहा 'फायनल' दरपत्रकांतलं खरं कुठलं, हे शोधयंत्र कसं सांगणार? ते तुम्हालाच आधी ठरवून ठेवावं लागतं. आपण झालो सगळं कच्चं साठवणारे. रोजमेळ लिहायचं तेवढं राहून गेलं.

आता उपाय. मावसभावाबरोबर मी दोन रविवार बसलो. नवीन काही शिकवलं नाही, जुनंच लावलं. फोनमध्ये आणि संगणकावर दोनच मोठे कप्पे केले, 'चलते' आणि 'जुने'. दरपत्रक चलत्यात एकच, नावात आधी वर्ष, मग महिना, मग तारीख, म्हणजे ती आपोआप ओळीनं लागतात. नवं आलं की आधीचं त्याच क्षणी जुन्यात. व्हॉट्सॲप हे कच्चं टिपण. तिथे आलेली ऑर्डर, बिलाचा फोटो, पैसे आल्याचा निरोप रात्री शटर ओढण्याआधी पक्क्यात चढवायचा. वहिनींनी हे काम अंगावर घेतलं. शुभेच्छांची चित्रं आणि व्हिडिओ पुसून टाकायचे, त्यात इतिहासाचं काही नुकसान नाही, हे मी जबाबदारीनं सांगतो. आणि १ एप्रिलला नवं वर्ष, नवा कप्पा, सोबत एका पानाचा तर्जुमा.

एक इशारा मात्र देतो. आवरण्याच्या उत्साहात बिलं पुसू नका. जीएसटीच्या कायद्यानं हिशेबाचे कागद त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. त्यांची एक प्रत वेगळ्या ड्राइव्हवर ठेवा. जुनं म्हणजे टाकाऊ नव्हे. ते हाताखालून माळ्यावर गेलं पाहिजे, एवढंच.

भावाचा धंदा यानं दुप्पट झाला, असं मी सांगणार नाही. पण परवा फोनवर कुणी भाव विचारला, आणि त्यानं बोलता बोलता बरोबर कागद पाठवला. मी समोर होतो. वहिनी रोज रात्री पाऊण तास देतात. त्या म्हणाल्या, "भाऊजी, पहिल्यांदा दिवस संपल्यासारखा वाटतो." रोजमेळाचा अर्थ मला पुस्तकांतून कळला होता, तो बसल्यावर माणसाला काय वाटतं, ते त्या दिवशी कळलं.

आज घरी गेल्यावर फोनमधलं एकच दरपत्रक खरं करा आणि बाकीची बासनात गुंडाळा.