ऑस्ट्रेलियातील चिनी स्थलांतरितांच्या कबरी आणि त्यांवरील लेख

ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया वसाहतीत १८५१ साली सोने सापडले आणि काही वर्षांतच दक्षिण चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातून हजारो कष्टकरी तिकडे निघाले. १८५५ मध्ये व्हिक्टोरियाने जहाजातून येणाऱ्या प्रत्येक चिनी माणसामागे १० पौंड कर लावला. तो चुकवण्यासाठी जहाजे शेजारच्या साउथ ऑस्ट्रेलियातील रोब बंदरात माणसे उतरवू लागली. तिथून सोन्याच्या खाणींपर्यंतची शेकडो किलोमीटरची वाट ती पायी तुडवत. त्यांतले जे परतले नाहीत, त्यांच्या कबरी बेंडिगोची व्हाइट हिल्स दफनभूमी, बीचवर्थ, बॅलरॅट इथे आहेत. बहुधा युरोपियनांपासून वेगळ्या भागात. मेल्यावरही जागा वेगळी, हे आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको.

दगडावरचा लेख उभ्या ओळींत असतो. मधल्या ओळीत आडनाव, मग नाव आणि शेवटी 'यांची कबर' अशा अर्थाची अक्षरे. एका बाजूला जिल्हा आणि गाव, दुसऱ्या बाजूला मृत्यूची तिथी. वर्ष इसवी सनाचे नसते, सम्राटाच्या कारकिर्दीचे असते. ग्वांगशू राजवटीचे दहावे वर्ष म्हणजे १८८४. जिल्हे बहुतेकदा चारच: शिननिंग, शिनहुई, काइपिंग, एनपिंग. यांतल्या शिननिंगचे नाव १९१४ मध्ये ताईशान झाले. आजच्या नकाशावर जुने नाव शोधणारा वंशज इथेच अडतो.

या दगडांचे खरे मोल सरकारी दप्तराशेजारी ठेवल्यावर कळते. इंग्रज कारकुनांनी 'आह सिंग', 'आह ली' अशी नावे लिहिली. 'आह' हे आडनाव नव्हे. घरच्या माणसाला हाक मारताना नावाआधी लावायचा तो शब्द. आडनाव गळाले आणि कित्येक माणसे कागदावर एकसारखी झाली. त्यांचे पूर्ण नाव अनेकदा फक्त कबरीवर उरले आहे.

गाव कोरण्यामागे व्यवहारही होता. काही वर्षांनी कबर उकरून, अस्थी स्वच्छ करून मायदेशी पाठवण्याची प्रथा होती. हाँगकाँगचे १८७० मध्ये स्थापन झालेले तुंग वा रुग्णालय परदेशातून आलेल्या अस्थी पुढे गावी पोचवण्याचे काम करी. त्यामुळे दगड जागेवर आणि खाली कुणीच नाही, असेही आढळते. ज्यांच्यासाठी खर्च करणारे कुणी नव्हते, ते तिथेच राहिले.

बीचवर्थला कागदी नाणी आणि प्रार्थनापत्रे जाळण्यासाठी बांधलेले दोन मनोरे आजही उभे आहेत. या कबरींना सरसकट 'बौद्ध कबरी' म्हणू नये. पूर्वजपूजा, ताओ परंपरा आणि बौद्ध श्रद्धा यांची ती सरमिसळ आहे. अवलोकितेश्वराचे चिनी रूप असलेली ग्वानयिन तिच्यात आहे, तसा युद्धदेव ग्वानदीही.

१९०१ च्या स्थलांतर निर्बंध कायद्याने चिन्यांचे येणे जवळपास थांबले. 'गोऱ्या ऑस्ट्रेलिया'चे ते धोरण पूर्ण संपायला १९७३ उजाडले. आता एप्रिलमधील छिंगमिंगच्या दिवशी वंशज पुन्हा कबरी झाडायला येतात. पण वाळूखडकाचे पापुद्रे सुटत आहेत, आणि आधी झिजतात ती बाजूची बारीक अक्षरे, म्हणजे गावाचे नाव.