थंडीत घरचं कंपोस्ट का थांबतं? डबा चालू ठेवायचा कसा?

बाल्कनीत कंपोस्टचा डबा ठेवला असेल तर एक गोष्ट तुमच्याही लक्षात आली असेल. उन्हाळ्यात भराभर बसणारा कचरा डिसेंबर-जानेवारीत जागचा हलत नाही. मागच्या हिवाळ्यात नाशिकला आमच्या २० लिटरच्या बादलीचं हेच झालं. भाजीची देठं महिनाभर हिरवीच. वर वास सुटला, सोसायटीच्या ग्रुपवर तक्रार आली आणि आईने सांगून टाकलं, "पंधरा दिवसांत वास गेला नाही तर बादली घंटागाडीत."

कारण समजून घ्यायला दह्याचं उदाहरण पुरे. थंडीत विरजण लवकर लागत नाही, म्हणून आपण पातेलं उबेत ठेवतो. कंपोस्टही सूक्ष्मजीवांचंच काम आहे. साधारण दर १० अंश तापमान उतरलं की त्यांचा वेग निम्म्यावर येतो. मग शेतातला मोठा ढीग थंडीतही वाफाळतो तो कसा? जिवाणू स्वतः उष्णता तयार करतात आणि तीन-साडेतीन फुटी ढीग ती आत धरून ठेवतो, तापमान ५५ ते ६५ अंशांपर्यंत जातं. छोट्या बादलीतली ऊब मात्र बाजूंनी लगेच निघून जाते.

माझी चूक पुढची होती. कचरा कुजत नाही म्हणजे तो कोरडा असेल, असं समजून मी पाणी शिंपडलं. थंडीत पाणी उडून जात नाही. ते हवेच्या जागा भरतं, प्राणवायू संपतो आणि ज्यांना हवा लागत नाही असे जिवाणू कामाला लागतात. वास त्यांचा!

आता थर्मामीटर. प्ले स्टोअरवरचे 'थर्मामीटर' अ‍ॅप इथे उपयोगाचे नाहीत. बहुतेक फोनमध्ये हवेचं तापमान मोजणारा सेन्सरच नसतो. अ‍ॅप एकतर बॅटरीचं तापमान दाखवतं किंवा इंटरनेटवरून शहराचं हवामान. मी स्वयंपाकात वापरतात तसा सळईवाला डिजिटल थर्मामीटर घेतला. पहिल्या दिवशी सकाळी सातला हवा ११ अंश, बादलीच्या मधोमध १३. म्हणजे आत काही चालूच नव्हतं.

मग काय केलं? बादली ऊन येणाऱ्या भिंतीला लावली. फरशी गार पडते, म्हणून खाली लाकडी फळी. भोवती गोणपाट आणि जुनी गोधडी. हवेची भोकं मात्र मोकळी ठेवली. ओल्या कचऱ्याच्या दुप्पट सुका पाला मिसळला (थंडीत झाडांखाली तो फुकट मिळतो), पाला नसेल तर कोकोपीट किंवा पुठ्ठ्याचे तुकडे चालतात. देठं बोटाच्या पेराएवढी चिरली. शेजारच्या काकूंकडचं अर्धवट झालेलं खत दोन मुठी घातलं, तेच विरजण. आंबट ताकही घालतात, पण आधीच ओल जास्त असताना ते नको.

रोज ढवळायचा मोह आवरा, प्रत्येक वेळी आतली ऊब बाहेर जाते. आठवड्यातून एकदा, तेही दुपारी ढवळलं की पुरतं. फोनवर मी रविवारचा रिमाइंडर लावलाय. ओल बघायला मूठभर मिश्रण दाबा: एखाद-दुसरा थेंब आला तर बरोबर, धार लागली तर अजून पाला.

गांडूळ खत असेल तर जास्त जपा. गांडुळांना १५ ते २५ अंश मानवतं, १० च्या खाली ती जवळजवळ खातच नाहीत. रात्री डबा घरात घ्या.

वास चार दिवसांत गेला. दहाव्या दिवशी सकाळचा आकडा २२ होता, स्क्रीनशॉट नाही पण फोटो ग्रुपवर टाकला. खत व्हायला मात्र मार्च उजाडला. तोवर रोजचा कचरा दुसऱ्या बादलीत जात होता. एकाच बादलीत भरत राहिलात तर सगळं खत एकदम तयार होणार नाही.